एमपीडीए लागला, आता पुढे काय? स्थानबद्धतेच्या आदेशाला आव्हान देणाऱ्यांसाठी

घरातल्या माणसाला ‘एमपीडीए लागला’, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली आदेश निघाला, हे कळते तोवर तो बहुतेकदा येरवडा, हर्सूल किंवा नाशिकरोडला पोहोचलेलाही असतो. घरचे धावत वकिलाकडे जातात आणि विचारतात, जामीन कधी होईल? जामीन होणार नाही. स्थानबद्धतेत जामीन हा प्रकारच नाही. आरोपपत्र नाही, खटला नाही, साक्षीपुरावा नाही. केलेल्या गुन्ह्याची ही शिक्षा नसते. ‘पुढे करील’ या अंदाजावर माणूस वर्षभरापर्यंत आत ठेवता येतो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच त्याची सोय आहे, आणि त्याच अनुच्छेदात त्याला घातलेले कुंपणही आहे. लढायचे ते त्या कुंपणाच्या आधाराने.

हे टिपण अशा घरच्या माणसांसाठी आहे, आणि असे प्रकरण पहिल्यांदाच हातात आलेल्या नव्या वकिलांसाठीही. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ‘आमचा मुलगा तसा नाही हो’ या वाक्याला उच्च न्यायालयात फारसे वजन नाही. तिथे तपासतात तो आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचा कागद. कागद कधी झाला, कशाच्या आधारावर झाला, आणि सही करणाऱ्याने स्वतःचे डोके वापरले की पोलिसांचा प्रस्ताव पुढे सरकवला. सुटलेली बरीच माणसे याच प्रश्नांवर सुटली आहेत.

आधी कायदा कोणता ते बघा

आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात कायद्याचे नाव आणि कलम असते. महाराष्ट्रात बहुतेक वेळा तो १९८१ चा राज्याचा कायदा असतो, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींची चोरी करणारे, वाळूतस्कर, अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे अशा ठरावीक वर्गांनाच तो लागतो. माणूस यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नसेल तर आदेशाचा पायाच उरत नाही. उदाहरणार्थ ‘धोकादायक व्यक्ती’ म्हणायचे तर शरीराविरुद्धचे किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, अथवा शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणातले गुन्हे तो सवयीने करतो असे दिसायला हवे. एखाददुसऱ्या भांडणाला सवय म्हणत नाहीत.

केंद्राचे कायदे वेगळे : १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा म्हणजे रासुका, तस्करी आणि परकीय चलनासाठी १९७४ चा कोफेपोसा. गोव्यातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, एमपीडीए हा महाराष्ट्राचा कायदा आहे. रासुकात राज्याबरोबर केंद्र सरकारकडेही दाद मागता येते. दाद मागायचे पत्ते तेवढे वाढतात.

तडीपारी आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) यांच्याशी गल्लत करू नका. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली होते आणि तिच्यावर राज्य सरकारकडे अपील असते. मोक्कामध्ये खटला चालतो, जामीनअर्जही करता येतो, मिळणे कितीही अवघड असले तरी. स्थानबद्धतेचा आदेश असताना मूळ गुन्ह्यात जामीन झाला तरी माणूस बाहेर येत नाही. सत्र न्यायालयाचे उंबरठे झिजवून आठवडे घालवणारी घरे असतात, म्हणून हे इतके ठासून लिहितो.

कागद गोळा करा

आदेश, स्थानबद्धतेची कारणे, आणि त्यासोबतचा कागदपत्रांचा संच माणसाला कारागृहात दिला जातो, घरी येत नाही. पहिल्याच मुलाखतीत किंवा वकिलामार्फत त्या सगळ्याची प्रत मिळवा. आदेश, कोणत्या कारागृहात ठेवायचे त्याचा आदेश, कारणे, एफआयआर, जामिनाचे आदेश, गोपनीय (नाव लपवलेल्या साक्षीदारांच्या) जबाबांचा गोषवारा, आणि कागद मिळाल्याची पोचपावती, इतके हवेच. पोचपावतीवरची तारीख आणि वेळ फार मोलाची.

आतल्या माणसाला एक सांगून ठेवा. सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घालायची, आणि भाषा कळत नसेल किंवा पाने वाचता येत नसतील तर तिथेच तसे लिहायचे. ‘मला फक्त हिंदी वाचता येते’ एवढी एक ओळ पुरते. नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात (१९६२) कारणे इंग्रजीत दिली होती, त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. १९८१ च्या लल्लुभाई पटेल प्रकरणातही हाच मुद्दा होता. कारणे तोंडी समजावून सांगितली, हे पुरेसे नाही. त्याला कळणाऱ्या भाषेत ती लेखी हातात पडली पाहिजेत. आपल्याकडे आदेश मराठीत असतात, पण कर्नाटक, तेलंगण किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला ते वाचता येतातच असे नाही. झेरॉक्सची काळी पडलेली पाने, दिसतच नसलेला पंचनामा, रिकाम्या पानावर उमटलेला नुसता शिक्का, हे सगळे वेगळे काढून ठेवा.

तारखांचा तक्ता

मग एक कोरा कागद घ्या आणि तारखा मांडा. समजा आदेश ३ मार्चचा आहे आणि माणूस ६ मार्चला स्थानबद्ध झाला.

कारणे ताब्यात घेतल्यापासून पाच दिवसांत मिळायला हवीत, म्हणजे ११ मार्चपर्यंत (एमपीडीएचे कलम ८). जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या आदेशाला राज्य सरकारने बारा दिवसांत मंजुरी द्यावी लागते, नाहीतर तो आपोआप संपतो. पण हे बारा दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, अटकेपासून नाही. म्हणजे १५ मार्च (कलम ३). नवे लोक नेमके इथेच चुकतात. प्रकरण आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडे तीन आठवड्यांत जायला हवे, २७ मार्चपर्यंत (कलम १०), आणि मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत, २४ एप्रिलपर्यंत (कलम ११). हे दोन्ही स्थानबद्धतेच्या दिवसापासून. मंडळाने पुरेसे कारण आहे म्हटले तर सरकार आदेश कायम करते. जास्तीत जास्त मुदत बारा महिने. मंडळाने कारण नाही म्हटले तर सरकारला माणूस सोडावाच लागतो, तिथे त्याची मर्जी चालत नाही.

मंजुरी कधी झाली, मंडळाकडे प्रकरण कधी गेले, या तारखा बऱ्याचदा घरच्यांना कळतच नाहीत; सरकारच्या प्रतिज्ञापत्रातून त्या बाहेर येतात. तक्त्यात ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा दिसली की प्रश्न विचारायची आठवण राहते.

त्याच कागदावर दुसरी रांग काढा : शेवटचा गुन्हा कधीचा, शेवटचा गोपनीय जबाब कधीचा, पोलीस ठाण्याने प्रस्ताव कधी पाठवला, आदेश कधी निघाला, आणि निघाल्यावर बजावायला किती दिवस लागले. शेवटचा प्रकार ऑगस्टचा आणि आदेश पुढच्या मार्चचा असेल, मधे काही घडलेले नसेल, तर विचारता येते की इतकी निकड होती तर सात महिने काय केले? प्रकार आणि आदेश यांच्यातला ‘जिवंत धागा’ तुटला, असे न्यायालये म्हणतात. ठरावीक दिवसांचा नियम नाही. उशिराचे कारण पटण्यासारखे आहे की नाही, एवढेच बघतात.

निवेदन आजच पाठवा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते निवेदनाकडे, म्हणजे आदेश मागे घ्या अशा लेखी विनंतीकडे. ‘आधी वकील ठरू दे’ म्हणत लोक थांबतात. अनुच्छेद २२(५) ने दिलेला हा हक्क वापरायला वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते.

पाठवायचे तिघांना. पहिला, आदेश देणारा अधिकारी. राज्य सरकारने मंजुरी देईपर्यंत तो स्वतःच आपला आदेश मागे घेऊ शकतो, म्हणून त्याच्याकडेही निवेदन करता येते, आणि तसे आतल्या माणसाला कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली संतोष शंकर आचार्य प्रकरणात हे सांगितले, आणि ते प्रकरण एमपीडीएचेच होते. तेव्हा कारणांच्या शेवटच्या पानावर ‘आपणास माझ्याकडे निवेदन करण्याचा हक्क आहे’ अशी ओळ आहे का, हे आधी बघा. नसेल तर मोठा मुद्दा हातात आला. दुसरा, राज्य सरकार, म्हणजे गृह विभाग. तिसरे, सल्लागार मंडळ.

मजकूर असा ठेवा : नाव, कारागृह, आदेशाचा क्रमांक आणि तारीख, कोणती पाने मिळाली नाहीत किंवा वाचता येत नाहीत त्यांची यादी आणि मागणी, प्रत्येक गुन्ह्याची आजची स्थिती, विशेषतः निर्दोष सुटला असेल किंवा जामीन असेल तर त्याचा आदेश जोडून, गोपनीय जबाबांतल्या दिवशी माणूस दुसरीकडे असेल, आधीच कोठडीत असेल, तर त्याचा पुरावा, आणि शेवटी आदेश मागे घेण्याची विनंती. अधिकाऱ्याला शिव्या घालू नका. तो कागद पुढे याचिकेला जोडला जाणार आहे.

कारागृह अधीक्षकामार्फत पाठवले तर जावक क्रमांक आणि तारीख घ्या. घरच्यांनीही एक प्रत स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावी. २०२४ च्या जसीला शाजी प्रकरणात कारागृहाने निवेदन साध्या टपालाने पाठवले, ते पोहोचलेच नाही, महिने उलटले. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. निवेदनावर किती दिवसांत निर्णय व्हावा हे कायद्यात लिहिलेले नाही, पण झालेल्या उशिराचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. मंडळ काय म्हणते याची वाट बघत निवेदन बाजूला ठेवणेही चालत नाही. सरकारने त्यावर स्वतंत्र विचार करायचा असतो, हे १९७० च्या जयनारायण सुकुल निकालापासून ठरलेले आहे.

सल्लागार मंडळापुढे

मंडळात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेली, राहिलेली किंवा तसे होण्यास पात्र असलेली माणसे बसतात. इथे वकील उभा करण्याचा हक्क नाही. पण १९८२ च्या ए. के. रॉय निकालाने दोन वाटा ठेवल्या आहेत. वकील नसलेला एखादा मित्र किंवा नातेवाईक मदतीला नेता येतो. आणि सरकारने आपल्या बाजूने वकील किंवा त्याचे काम करणारा अधिकारी उभा केला, तर स्थानबद्धालाही वकील द्यावा लागतो. पोलीस निरीक्षक आत बसून बाजू मांडत होते आणि आपला माणूस एकटा होता, असे घडले असेल तर बाहेर आल्याबरोबर कोण होते, कितीसा वेळ बोलले ते लिहून ठेवा.

सुनावणी थोडक्यात आटोपते. तयारी करून गेलेला माणूस तीन मुद्दे नीट सांगू शकतो. रडत गेलेला एकही नाही. मंडळ म्हणजे नुसता शिक्का नव्हे, आदेश टिकण्यासारखा आहे का हे त्याने सगळ्या बाजूंनी बघायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नेनावत बुज्जी निकालात बजावले आहे. प्रत्यक्षात मंडळाकडून किती जण सुटतात याबद्दल फार आशा बाळगू नका. तरी ही पायरी सोडू नका.

आदेश कसा वाचायचा

कायदा व सुव्यवस्था बिघडणे वेगळे आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडणे वेगळे. आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण अनेक आदेश याच फरकावर पडले आहेत. राममनोहर लोहियांच्या १९६६ च्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पायला सांगितली : सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचे. दोन माणसांच्या मारामारीने पहिले वर्तुळ बिघडते. मोहल्ल्यातले रोजचे जगणे विस्कळीत झाले तर दुसरे. एमपीडीएला दुसरे लागते.

हा फरक भरून काढण्यासाठी प्रस्तावात गोपनीय जबाब येतात. ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’. साचा साधारण ठरलेला असतो : साक्षीदार संध्याकाळी रस्त्याने चालला होता, सदर इसमाने चाकू दाखवून खिशातले पैसे काढून घेतले, आरडाओरडा झाला, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी भीतीने शटर ओढली, भीतीपोटी कोणी तक्रार दिली नाही. साक्षीदाराचे नाव लपवणे कायद्याला धरून आहे, आणि अशा जबाबांवर विसंबताही येते. २००० सालच्या फुलवारी पाठक निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. पण जबाब खरा आहे का याची खातरजमा वरिष्ठ अधिकाऱ्याने केली का, आणि ती आदेश देणाऱ्यापुढे ठेवली गेली का, हे मुंबई उच्च न्यायालय बारकाईने बघते. तेव्हा ‘अ’ आणि ‘ब’ शेजारी शेजारी ठेवून वाचा. वाक्ये तीच, स्वल्पविरामही तेच, फक्त तारीख आणि रक्कम बदललेली असेल तर दोन्हींखाली लाल रेघ मारा. जागा आणि दिवस सांगितलाच नसेल तर उत्तर द्यायचे तरी कशाचे, हाही मुद्दा होतो.

हातभट्टीच्या एका एमपीडीए प्रकरणात, अर्जुन रतन गायकवाड (२०२४), सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच पाहिले. जबाब मोघम होते, धमकी साक्षीदार आणि तो माणूस यांच्यापुरती होती, गावकऱ्यांसमोर दहशत बसावी असे काही नव्हते. आदेश रद्द झाला.

पुढची जागा जामिनाची. सगळ्या गुन्ह्यांत जामीन असेल तर जामिनाचा तो आदेश अधिकाऱ्यापुढे होता का? जामिनाच्या अटी त्याने वाचल्या का? अट मोडली तर पोलिसांना जामीन रद्द करायचा अर्ज करता येतो, तो का केला नाही? बांका स्नेहा शीला (२०२१) आणि धन्या एम. (२०२५) या निकालांत या प्रश्नांचे वजन दिसते. माणूस आधीच तुरुंगात असताना आदेश काढला असेल, तर तो आत आहे हे अधिकाऱ्याला माहीत होते, सुटण्याची खरीखुरी शक्यता होती, आणि सुटल्यावर तेच करील असे मानायला आधार होता, या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. जामिनाचा अर्जच केलेला नसताना ‘लवकरच सुटेल’ असे लिहिले असेल तर २०११ चा रेखा निकाल वाचा.

एक सावधगिरी. एमपीडीएच्या कलम ५-अ मुळे कारणे एकमेकांपासून सुटी धरली जातात. सहापैकी एक कारण खोटे ठरले म्हणून आदेश आपोआप पडत नाही. एकाच मुद्द्यावर सगळा भार टाकू नका.

अधिकारी निःपक्ष होता का

स्थानबद्धतेच्या कायद्याने आरोप करणाऱ्यालाच जवळजवळ न्यायाधीश केले आहे. स्थानिक पोलीस ठाणे प्रस्ताव करते, गुन्हे शाखा तो पुढे नेते, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात त्याच खात्याचे प्रमुख सही करतात. कायद्याला हे मान्य आहे, म्हणून ‘पोलिसांनीच मागितले आणि पोलिसांनीच दिले’ एवढ्यावर आदेश पडत नाही. पण म्हणूनच सही करणाऱ्याने प्रस्तावाकडे परक्या नजरेने पाहायला हवे, ही अपेक्षा अधिक कडक होते. अधिकाऱ्याच्या समाधानाच्या जागी न्यायालय आपले मत बसवत नाही. ते समाधान खरोखर झाले होते का, त्यात नको ती गोष्ट धरली आणि हवी ती सोडली असे झाले का, कायद्याचा हेतू सोडून दुसरा हेतू होता का, हे मात्र ते तपासते. १९७५ च्या खुदीराम दास निकालात याची नीट मांडणी आहे, आणि २०२३ च्या अमीना बेगम निकालात न्यायालयाने काय काय तपासायचे त्याची यादीच.

इथे दोन आरोप असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, अविचार : अधिकाऱ्याने डोके वापरले नाही. दुसरा, आकस : अधिकाऱ्याने किंवा त्याच्या मागच्याने डूख धरून हे केले. माझ्या मते नव्या वकिलाने पहिल्यावर नव्वद टक्के मेहनत घ्यावी. तो कागदातूनच सिद्ध होतो. प्रस्तावातला मजकूर कारणांत शब्दशः उतरला आहे का? दुसऱ्याच माणसाचे नाव, दुसऱ्याच ठाण्याचा गुन्हा नजरचुकीने राहून गेला आहे का? निर्दोष सुटलेला खटला ‘न्यायप्रविष्ट’ म्हणून मोजला आहे का? शेकडो पानांचा संच संध्याकाळी आला आणि सकाळी सही झाली, असे तारखांवरून दिसते का? एका ठिकाणी ‘हातभट्टीवाला’ आणि शेवटच्या परिच्छेदात ‘धोकादायक व्यक्ती’ असे लिहिले आहे का? असल्या चुका सापडतात, आणि त्या शोधायला कायद्याची पदवी लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवून ओळीने वाचायची चिकाटी लागते. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलीने वकिलापेक्षा चांगले केलेले पाहिले आहे.

आकसाचा आरोप जड असतो. ‘राजकीय सूडबुद्धीने’ हा शब्द याचिकेत घालून काही मिळत नाही. कोणत्या अधिकाऱ्याशी, कधी, कशावरून वाकडे आले, त्याचा लेखी माग काय, हे तारीखवार सांगावे लागते, आणि त्या अधिकाऱ्याला त्याच्या नावाने प्रतिवादी करावे लागते. त्याच्याविरुद्ध आधी दिलेली तक्रार, मानवी हक्क आयोगाकडचा अर्ज, न्यायालयात केलेले निवेदन, असे आदेशाच्या आधीचे काही हातात असेल तरच हा मुद्दा घ्या.

तो योग्य रीतीने घेतला की काय होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे जी. सदानंदन प्रकरण, १९६६. त्रिवेंद्रमचा रॉकेलचा घाऊक व्यापारी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झाला. त्याचे म्हणणे होते की ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या अहवालांवर हे झाले, त्याच्या नातेवाइकांना या धंद्यात शिरायचे होते आणि आपण त्यांच्या वाटेत होतो. आरोप नेमका होता, नाव घेऊन केलेला होता, आणि त्या अधिकाऱ्याने शपथेवर उत्तरच दिले नाही. निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याच्या. आणीबाणीच्या काळातले अनिर्बंध अधिकार अधिकाऱ्यांना हळूहळू बेफिकीर करतात, ही काळजी त्यांनी त्यात बोलून दाखवली आणि व्यापाऱ्याला सोडले. व्यवहारात यातून घ्यायची गोष्ट ही : ज्याच्यावर आरोप आहे त्याने स्वतः प्रतिज्ञापत्र केले आहे का, की हाताखालच्या उपनिरीक्षकाने ‘अभिलेखावरून’ सगळे नाकारले आहे? आदेश देणाऱ्याच्या मनात काय होते हे उपनिरीक्षक शपथेवर सांगू शकत नाही. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी हे न्यायालयाच्या नजरेस आणा.

याचिका

अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करायची, मागणी हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला मुक्त करण्याची. आई, बायको, भाऊ, मित्र, कोणीही करू शकतो. आतल्या माणसाची वकालतनाम्यावर सही मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. दोन न्यायाधीशांचे खंडपीठ ऐकते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच (कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग) यांपैकी आदेश ज्या जिल्ह्यातून निघाला त्याप्रमाणे ठिकाण ठरवा.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. अशा याचिकांना प्राधान्य असते, तरी ते मागावे लागते. प्रेसिपी (लवकर सुनावणीची लेखी विनंती) देऊन लवकर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यायला सांगा. वर्षाच्या आदेशात सहा महिने तारखांत गेले तर जिंकूनही अर्धेच हाती येते. प्रतिवादी म्हणून राज्य सरकार, आदेश देणारा अधिकारी, आणि कारागृह अधीक्षक. मुद्दे थोडके आणि क्रमाने घ्या : तारखा, भाषा व कागद, निवेदन, सार्वजनिक सुव्यवस्था, जामीन, अविचार. मसुद्यात उणीव राहिली म्हणून घाबरू नका. १९८० च्या इच्छुदेवी चोरारिया निकालानुसार स्थानबद्धता कायदेशीर आहे हे दाखवण्याचा भार सरकारवर आहे, आणि अशा याचिकांत मांडणीच्या काटेकोरपणाचा आग्रह न्यायालय धरत नाही. एक याचिका फेटाळली गेली तरी नव्या मुद्द्यावर दुसरी करता येते. सर्वोच्च न्यायालयात जायचे तर मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागेल, ते आधीच करून ठेवा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचे कलम १२ ते सांगते. १५१०० ही हेल्पलाइन आहे. ‘मंत्रालयात ओळख आहे, ऑर्डर मागे घ्यायला लावतो’ म्हणणारे या काळात हमखास भेटतात. त्यांना द्यायचे पैसे झेरॉक्स आणि टपालावर खर्च करा.

आदेश निघालाय पण बजावला गेलेला नाही, अशा वेळी आधीच आव्हान देता येते, पण १९९२ च्या अलका गाडिया निकालाने त्याच्या वाटा अरुंद ठेवल्या आहेत : ज्या कायद्याखाली आदेश काढल्याचे म्हटले आहे त्याखाली तो नाहीच, भलत्याच माणसाविरुद्ध आहे, भलत्याच हेतूने आहे, कारणे मोघम किंवा गैरलागू आहेत, किंवा काढणाऱ्याला अधिकारच नव्हता. फरार राहून हे करण्यात धोका आहे. मालमत्ता जप्तीची कारवाई होऊ शकते, आणि ‘बजावायला उशीर केला’ हा आपला मुद्दा आपणच गमावून बसतो.

आदेश रद्द झाला की न्यायालय लिहिते, ‘अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तत्काळ मुक्त करावे’. त्यातले पहिले चार शब्द नीट वाचा. निकाल यायच्या आधीच बाकीच्या गुन्ह्यांतले जामीनदार, बंधपत्रे आणि सुटकेचे आदेश पूर्ण आहेत का ते एकेका न्यायालयात जाऊन बघून घ्या, नाहीतर एमपीडीए उडूनही माणूस पाच हजारांच्या एका जामीनदारावाचून आतच राहतो. निकालाची प्रत कारागृहाला पोहोचल्याची पोच घ्या. आणि एक प्रत घरी जपून ठेवा : रद्द झालेल्या आदेशातली तीच जुनी प्रकरणे पुढच्या आदेशात पुन्हा वापरता येत नाहीत. ती वापरली गेली तर दाखवायला हाच कागद लागेल.